विंगेत उभे असलेले ट्रान्समीटर

एका संगीत नाटकाच्या प्रयोगात, पहिल्या अंकाच्या शेवटी मुख्य अभिनेत्रीचा एकटीचा प्रवेश सुरू असताना, तिचा वायरलेस माइक पुन्हा पुन्हा तुटत राहिला. आवाज नुसता गेला असता, तर सगळ्यांनी बॅटरीला दोष देऊन विषय संपवला असता. प्रत्यक्षात तिच्या शब्दांच्या जागी सभागृहात जोराची खरखर आली, आणि त्या खरखरीच्या आत कोणीतरी चिरक्या, फाटलेल्या आवाजात पुटपुटत असल्यासारखे ऐकू आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच रंगमंचावर तोच प्रयोग होता. त्याआधी दोष शोधून तो दूर करावा, यासाठी मला बोलावण्यात आले.

मी दुपारी पोहोचले तेव्हा नाटकाचे ध्वनितंत्रज्ञ शक्य ते सर्व करून बसले होते. त्यांनी बॅटऱ्या बदलल्या होत्या, हेडसेट बदलला होता, बॉडीपॅक, म्हणजे कलाकाराच्या कंबरेला बांधलेला छोटा ट्रान्समीटर, तोही बदलून पाहिला होता. सकाळच्या चाचणीत मात्र सगळे दहा माइक निर्दोष चालत होते. त्यांचा संशय प्रेक्षकांच्या मोबाइलवर होता, कारण चाचणीत नसलेली आणि प्रयोगात असलेली ठळक गोष्ट म्हणजे प्रेक्षक. हा संशय मी अनेक ठिकाणी ऐकला आहे. पण हे माइक 518 मेगाहर्ट्झच्या आसपास चालत होते आणि मोबाइलचे पट्टे तिथून बरेच वर आहेत. खिशातला फोन अशा संचाला सहसा इतका त्रास देत नाही.

अशी तक्रार आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: आवाज बिघडला त्या क्षणी रिसीव्हरवरची आरएफची पट्टी, म्हणजे येणाऱ्या रेडिओलहरीची ताकद दाखवणारी पट्टी, काय दाखवत होती? बहुतेक वेळा त्याचे उत्तर मिळत नाही, कारण त्या क्षणी सगळ्यांची नजर मिक्सरवर असते. इथे मात्र एका तरुण साहाय्यकाने ती पाहिली होती. तो म्हणाला, "ताई, पट्टी पूर्ण भरलेली होती. सिग्नल उत्तम दिसत होता, म्हणूनच आम्ही माइकच्या वायरवर संशय घेतला."

त्याच्या या एका वाक्याने माझा निम्मा शोध वाचला. माइक तुटण्याची दोन अगदी वेगळी कारणे असतात, आणि कानाला ती पुष्कळदा सारखीच वाटतात. ट्रान्समीटरची लहर रिसीव्हरपर्यंत पोहोचलीच नाही, म्हणजे अंतर फार झाले, मध्ये माणसाचे शरीर आले किंवा भिंतींवरून परतलेल्या लहरींनी मूळ लहर खोडली, तर आरएफची पट्टी खाली येते. दुसऱ्या कारणात त्याच फ्रिक्वेन्सीवर दुसरेच काही येऊन बसलेले असते. तेव्हा पट्टी भरलेलीच राहते, कारण ती फक्त ताकद मोजते. लहर कोणाची आहे हे तिला कळत नाही. पट्टी स्थिर असताना आवाज जाण्याचे तिसरेही एक कारण आहे, ते म्हणजे हेडसेटची तुटलेली वायर. पण तुटलेली वायर कडकड करते, पुटपुटत नाही, आणि इथे हेडसेट आधीच बदललेला होता.

हे संच अ‍ॅनालॉग एफएम पद्धतीचे होते, हेही आमच्या पथ्यावर पडले. एफएममध्ये एकाच फ्रिक्वेन्सीवरच्या दोन लहरींपैकी जी बलवान असते ती रिसीव्हरवर कब्जा करते आणि तिचाच आवाज बाहेर येतो. म्हणून सभागृहाला घुसखोराचा आवाज ऐकू आला. डिजिटल संच अशा वेळी बहुधा नुसता गप्प झाला असता आणि तो पुटपुटण्याचा धागा आमच्या हाती लागला नसता.

दुसरा धागा रंगमंच व्यवस्थापक बाईंच्या वहीत सापडला. त्यांनी प्रत्येक बिघाडासमोर वेळ आणि संवाद लिहून ठेवले होते. सगळ्या नोंदी त्या एकाच प्रवेशातल्या होत्या, आणि प्रवेश जसा पुढे सरकत होता तसतशा दाट होत गेल्या होत्या. मी त्यांना विचारले, "या प्रवेशाच्या वेळी बाकीचे कलाकार कुठे असतात?" त्या म्हणाल्या, "यानंतर लगेच समूहगीत आहे. सगळे उजव्या विंगेत येऊन उभे राहतात. आधी दोघे-तिघे येतात, शेवटी सगळेच." सकाळच्या चाचणीत ते कुठे होते, असे विचारल्यावर कळले की आपापली पाळी येईपर्यंत सगळे प्रेक्षागृहातल्या खुर्च्यांवर बसले होते.

मी उजव्या विंगेत जाऊन पाहिले. रिसीव्हरची मांडणी तिथेच होती. अँटेना तिच्याच दोन्ही बाजूंना, छातीच्या उंचीवर लावलेले होते, आणि कलाकारांच्या उभे राहण्याची जागा त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती. अभिनेत्री आपला प्रवेश डाव्या कोपऱ्यात, तिथून सुमारे 12 मीटरवर करत असे. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेतही सिग्नल 6 डेसिबलने घटतो. एक मीटर आणि 12 मीटर यांतला फरक सुमारे 22 डेसिबलचा होतो. म्हणजे तिचा आवाज ऐकण्यासाठी लावलेले अँटेना तिच्या सहकाऱ्यांच्या बॉडीपॅकनी बधिर झाले होते. त्या सहकाऱ्यांचे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्ट्या, मिक्सरवर खाली होते, त्यामुळे ते "बंद" आहेत असे सगळे धरून चालले होते. पण फेडर खाली केल्याने ट्रान्समीटर थांबत नाही. कंबरेला बांधलेला बॉडीपॅक पूर्ण ताकदीने लहरी सोडतच असतो.

तरीही नुसत्या जवळिकीने तिच्याच माइकवर घाला का पडावा, याचे उत्तर फ्रिक्वेन्सींच्या तक्त्यात होते. कोणीतरी तो फार टापटिपीने बनवला होता: 518.0 पासून सुरुवात, प्रत्येक पुढचा माइक 0.4 मेगाहर्ट्झने वर, दहावा 521.6 वर. कागदावर हे अतिशय नीटनेटके दिसते, आणि रेडिओलहरींच्या दृष्टीने याहून वाईट मांडणी शोधणे कठीण आहे. दोन ट्रान्समीटर अगदी जवळ आले की एकाची लहर दुसऱ्याच्या अँटेनातून त्याच्या शेवटच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरते आणि तिथे दोघींच्या मिश्रणातून नव्या फ्रिक्वेन्सी जन्माला येतात. रिसीव्हरच्या तोंडाशी असलेला अ‍ॅम्प्लिफायर अति बलवान लहरींनी दबला, तर तिथेही हेच घडते. याला इंटरमॉड्युलेशन म्हणतात. यातली सर्वांत त्रासदायक संतती म्हणजे एकीची दुप्पट वजा दुसरी. फ्रिक्वेन्सी समान अंतरावर असल्या की हे उत्तर नेमके तिसऱ्या माइकवर जाऊन पडते.

अभिनेत्रीचा माइक 519.6 वर होता. 519.2 ची दुप्पट करून त्यातून 518.8 वजा केले की 519.6 येतात. 518.8 ची दुप्पट वजा 518.0 हेही 519.6. वरच्या बाजूने 520.0 ची दुप्पट वजा 520.4, आणि 520.4 ची दुप्पट वजा 521.2, यांचेही उत्तर तेच. नऊ सहकाऱ्यांत अशा चार जोड्या निघाल्या. तीन-तीन ट्रान्समीटरच्या मिश्रणातून येणारी उत्तरे त्याखेरीज होती. दहा माइक एकाच वेळी चालू असले की दोघांच्या मिश्रणातून अशी 90 आणि तिघांच्या मिश्रणातून 360 उत्तरे तयार होतात. ती सगळी टाळून दहा मोकळ्या जागा शोधणे हेच फ्रिक्वेन्सी ठरवण्याचे खरे काम आहे. पुटपुटण्याचा उलगडाही यातच होता: मिश्रणातून जन्मलेल्या लहरीवर दोन्ही मूळ माइकांचे आवाज असतात, आणि जिची फ्रिक्वेन्सी दुप्पट होते तिचा आवाज ताणला जाऊन विकृत होतो. विंगेत कुजबुजणाऱ्या कलाकारांचे शब्द तिच्या रिसीव्हरमधून सभागृहात पोहोचत होते.

गणित जुळले म्हणून दोष सिद्ध होत नाही. मी सर्व कलाकारांना पोशाखासह, बॉडीपॅक चालू ठेवून, प्रयोगात उभे राहतात तसेच उजव्या विंगेत उभे राहण्याची विनंती केली. मागची एलईडी भिंतही लावायला सांगितली, कारण अशा भिंतींच्या वीजपुरवठ्यातून आणि वायरिंगमधून पुष्कळ गोंगाट बाहेर पडतो. त्यानंतर अभिनेत्रीचा बॉडीपॅक बंद करवला. आता तिच्या रिसीव्हरची पट्टी रिकामी व्हायला हवी होती. ती जवळजवळ भरलेलीच राहिली. मग मी विंगेतल्या एकेका कलाकाराला ट्रान्समीटर बंद करायला सांगत गेले, आणि पट्टी पायरीपायरीने उतरत गेली. 519.2 चा बॉडीपॅक बंद झाला तेव्हा ती सर्वांत मोठ्या टप्प्याने खाली आली. ध्वनितंत्रज्ञ माझ्या शेजारी उभे राहून हे पाहत होते. मला काही समजावून सांगावे लागले नाही.

सगळे ट्रान्समीटर बंद झाल्यावरही पट्टीचा तळ किंचित उचललेला होता. भिंत बंद केली तेव्हा तोही बसला. कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती ताकदीची लहर आहे हे दाखवणाऱ्या, हातातल्या स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर हे स्पष्ट दिसले: भिंत चालू होताच संपूर्ण पट्ट्यातला पार्श्वगोंगाट वर उचलला जात होता. नाटकाला भिंत हवीच होती, त्यामुळे तिच्यापासून अँटेना दूर नेणे एवढेच आमच्या हाती होते.

हातातला वेळ थोडा होता. "प्रवेश नसेल तेव्हा कलाकारांनी बॉडीपॅक बंद ठेवावेत" असा उपाय कोणीतरी सुचवला, आणि मी त्याला ठाम विरोध केला. ज्याला पुढच्या क्षणी गात गात रंगमंचावर जायचे आहे, त्याच्यावर बटण लक्षात ठेवण्याचा भार टाकू नये. शिवाय बंद ट्रान्समीटरचा रिसीव्हर आजूबाजूचे काहीही पकडायला मोकळा राहतो.

अँटेना विंगेतून काढून आम्ही रंगमंचाच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांना, प्रेक्षागृहाच्या बाजूला, उंच स्टँडवर लावले. आता ते रंगमंचाकडे तोंड करून होते, एलईडी भिंतीपासून शक्य तितके लांब होते, आणि विंगेतले कोणीही त्यांच्या जवळ येऊ शकत नव्हते. केबल यामुळे 30 मीटरची झाली. त्यांच्याकडे असलेल्या बारीक केबलमध्ये या फ्रिक्वेन्सीला एवढ्या लांबीत सुमारे 10 डेसिबल सिग्नल वाया गेला असता. माझ्याजवळच्या जाड, कमी घटीच्या केबलमध्ये ती घट तीनेक डेसिबलवर आली. अँटेनातल्या अ‍ॅम्प्लिफायरची वाढ आधी कमाल ठेवलेली होती, ती मी केबलमधली घट भरून निघेल इतकीच ठेवली. त्याहून जास्त वाढ दिली की हव्या सिग्नलइतकाच गोंगाटही वाढतो आणि रिसीव्हर लवकर दबतो.

ट्रान्समीटरची ताकद 50 मिलिवॉटवरून 10 वर आणू या, असे म्हणताच ध्वनितंत्रज्ञ दचकले. सिग्नल तुटण्याच्या तक्रारीवर ताकद कमी करण्याचा उपाय उलटा वाटणे स्वाभाविक आहे. पण ताकद 7 डेसिबलने कमी झाली की अ‍ॅम्प्लिफायरमधल्या मिश्रणातून जन्मणारी तिसऱ्या श्रेणीची उत्तरे, म्हणजे वरच्या "एकीची दुप्पट वजा दुसरी" सारखी, सुमारे 21 डेसिबलने खाली जातात. हवा सिग्नल 7 ने घटतो, नको असलेला 21 ने. अँटेना आता मोकळ्या नजरेच्या टप्प्यात असल्यामुळे 10 मिलिवॉट पुरेसे होते. शेवटी फ्रिक्वेन्सी नव्याने काढल्या. त्या परिसरातल्या टीव्ही वाहिन्यांचे सपाट माथ्याचे ठोकळे अ‍ॅनालायझरवर पाहून वगळले, आणि उरलेल्या जागेत संगणकाकडून असमान अंतराच्या दहा जागा काढून घेतल्या. रिसीव्हरना 24 मेगाहर्ट्झचा पट्टा उपलब्ध असताना आधीचा तक्ता त्यातल्या चार मेगाहर्ट्झमध्येच दाटीवाटीने बसलेला होता.

हे सर्व झाल्यावर पुन्हा सगळ्यांना विंगेत उभे केले. अभिनेत्रीचा बॉडीपॅक बंद, बाकी नऊ चालू, भिंत चालू: पट्टी रिकामी. मग तिला चालू बॉडीपॅकसह रंगमंचभर फिरायला सांगितले, आणि तिथे एक निराळाच दोष निघाला. ती प्रेक्षकांकडे पाठ करून खाली बसली की दोन्ही अँटेनांच्या पट्ट्या एकदम ढासळत होत्या. पाठ सभागृहाकडे असताना बॉडीपॅक उलट नीट दिसायला हवा होता, म्हणून मी वेशभूषा सांभाळणाऱ्या बाईंना तो दाखवण्याची विनंती केली. त्यांनी तो दिसू नये म्हणून फार कौशल्याने जरीच्या रुंद पट्ट्याखाली शिवून बसवला होता, आणि त्याचा अँटेना दुमडून त्याच पट्ट्यात टाचला होता. या फ्रिक्वेन्सीला लहरीच्या लांबीचा पाव भाग सुमारे 14 सेंटिमीटरचा होतो; तो अँटेना तेवढा सरळ राहिला तरच नीट काम करतो, आणि धातूच्या जरीखाली व घामाने ओल्या कातडीला चिकटून तो जवळजवळ मुका होतो. मी कारण सांगितल्यावर त्या बाईंनी क्षणभरही हुज्जत घातली नाही. पट्ट्याच्या वर सुती अस्तराची अरुंद खोळ शिवून त्यांनी अँटेना पाठीच्या रेषेत सरळ उभा केला, आणि प्रेक्षकांना तो दिसणार नाही याचीही काळजी घेतली. खाली बसल्यावर पट्टी पुन्हा ढासळली नाही.

संध्याकाळी मी मिक्सरजवळ न बसता रिसीव्हरसमोर बसले. पहिला अंक संपत आला, समूहगीतासाठी कलाकार नेहमीप्रमाणे उजव्या विंगेत जमू लागले, आणि डाव्या कोपऱ्यात अभिनेत्रीचा प्रवेश सुरू झाला. रिसीव्हर आपले काम करत दोन अँटेनांमध्ये आलटून पालटून निवड करत होता, पण दोन्ही पट्ट्या एकाच वेळी खाली आल्या असे एकदाही झाले नाही. प्रवेश पूर्ण झाला, आणि तिचा प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोहोचला. मध्यंतरात ध्वनितंत्रज्ञांनी नवा तक्ता वहीत उतरवून घेतला. त्यांच्या शेजारी बसून मी अँटेनांच्या जागा, अ‍ॅम्प्लिफायरची वाढ आणि ट्रान्समीटरची ताकदही लिहवून घेतली. पुढचा प्रयोग दुसऱ्या नाट्यगृहात होता. तिथे पोहोचल्यावर त्यांनी आधी अ‍ॅनालायझर फिरवला, तेव्हा आमच्या दहांपैकी तीन फ्रिक्वेन्सी तिथल्या टीव्ही वाहिनीच्या ठोकळ्यात सापडल्या, आणि त्यांनी संपूर्ण तक्ता नव्याने काढला.