तुम्ही विचारलंत म्हणून: आभार मानले की काळजी जाते का?

उपासना संपून बाहेर पडताना कुणीतरी थांबवतंच. "ताई, दादांचं तसं झालं, तरी तुमची प्रार्थना आभारानेच सुरू होते. काळजी खरंच जाते का हो?" मी "प्रभूची कृपा" म्हणून रिक्षा गाठते. आज नीट सांगते.

नाही, माझी गेलेली नाही.

बायबलमधल्या, पौलाने लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या 4थ्या अध्यायातलं 6वं वचन मी महिला मंडळात वर्षानुवर्षं शिकवलं: चिंताक्रांत होऊ नका, आभारप्रदर्शनासह मागणी देवाला कळवा. त्याचा मी रोकडा हिशेब करून ठेवला होता. आभार मानले की काळजी जाते. गेली नाही तर तुमचे आभार कमी पडले. मुलाच्या दारूपायी खचलेल्या एका बाईला मी सगळ्यांदेखत म्हणाले होते, "काळजी म्हणजे अविश्वास." तिने मान खाली घातली. मला वाटलं, वचन लागू पडलं.

2021च्या एप्रिलमध्ये दादाला दाखल केलं. आत कुणाला सोडत नव्हते. मी आणि वहिनी समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसून होतो. रात्री अडीचला त्याचा फोन आला. मास्कमुळे शब्द तुटत होते. ऑक्सिजन 84 वर आलाय म्हणाला. मग म्हणाला, "अगं, मला आभार मानता येईनात. तू मान, मी आमेन म्हणतो."

वचन तोंडपाठ होतं, पण जीभ उचलेना. शेवटी जे सुचलं ते बोलत गेले. प्रभू, त्याच्या कानाशी फोन धरणाऱ्या सिस्टरबद्दल तुझे आभार. वहिनीच्या मांडीवरच्या डब्याबद्दल आभार. आईने आम्हा दोघांना एकाच ताटात वाढलं, त्याबद्दल आभार. दर वेळी एक श्वास घेऊन तो आमेन म्हणायचा. मग आभार सुटलेच, मी रस्त्यावर ओरडले, "प्रभू, माझा भाऊ मला परत दे!" त्यालाही तो आमेन म्हणाला.

पाचव्या दिवशी तो गेला. मातीला आम्ही चौघं. भजन सुरू केलं, पण पहिल्या ओळीपुढे कुणाचाच आवाज फुटला नाही.

पुढे कित्येक दिवस मी प्रार्थना केली नाही. ती जुनी मी कानाशी होतीच: तुझे आभार मनापासून नसतील. तिला आज सांगते, बाई, त्या रात्रीइतके खरे आभार मी कधीच मानले नव्हते. आणि तरी माणूस गेला. या दोन्ही गोष्टींचा मेळ मला अजून घालता येत नाही.

पत्र परत वाचायला घेतलं ते भांडायलाच. पौल हे बंधनात, म्हणजे कैदेत असताना लिहितो. त्याच पत्रात त्याचा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारातून परतला, तर देवाने मला दुःखावर दुःख होऊ दिलं नाही, अशी कबुली देतो. आणि करिंथकरांना लिहिताना तर सगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांची चिंता रोज आपल्यावर असते म्हणतो. ग्रीकमध्ये शब्द त्याच धातूचा, जो फिलिप्पैकरांना 'करू नका' म्हणून सांगतो. म्हणजे त्याचीही गेली नव्हती? की रोज यायची आणि रोज तो ती देवापुढे ठेवायचा? मला दुसरं पटतं. पटतं म्हणजे, पटावंसं वाटतं. आणि 'सह' हा शब्द मी इतकी वर्षं गिळला होता. आभारांसोबत मागणीही सांगायची आहे. ओरडूनसुद्धा.

त्या बाईंकडे मी माफी मागायला गेले. "आठवतंय का?" विचारलं. "आठवतंय," त्या म्हणाल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग "बसा" म्हणून चहा ठेवला. मुलगा आतल्या खोलीत झोपला होता, तसाच. आम्ही दोघींनी प्रार्थना केली. त्यांनी आधी पावसाचे आभार मानले, मग मुलाचं नाव घेतलं आणि खूप रडल्या. या वेळी मी फक्त आमेन म्हणत राहिले.