पंधरा पिल्लांसाठी एक कुपी

"सातबारा आणलात का?" हा प्रश्न मला एकाच टेबलापाशी तीन वेळा विचारण्यात आला आणि तिन्ही वेळा माझे उत्तर एकच होते: आम्ही गोराई गावात राहतो, आमच्याकडे शेत नाही, घर आणि त्यामागचे परसू आहे आणि त्याची मिळकत पत्रिका माझ्या पिशवीत आहे. मला अनुदान नको होते, कर्जही नको होते. घरच्या खाण्यासाठी वाढवत असलेल्या पंधरा पिल्लांना मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस हवी होती.

ही लस मला इतकी महत्त्वाची का वाटत होती, ते आधी सांगते. डिसेंबरात आम्ही पहिल्यांदा बारा पिल्ले आणली होती आणि लसीचा विचारही केला नव्हता, कारण सासूबाईंच्या माहेरी कोंबड्या नेहमीच परसात फिरून वाढल्या. पाचव्या आठवड्यात एका पिल्लाने खाणे सोडले, मग हिरवट पातळ विष्ठा दिसू लागली, दोघांच्या माना पिळल्यासारख्या वळल्या आणि सहा दिवसांत नऊ पिल्ले गेली. या रोगावर औषध नाही. लागण होण्याआधी दिलेली लस हाच उपाय आहे. आम्ही खोल खड्डा खणून, चुना टाकून ती पुरली, खुराडे धुऊन त्याला चुना मारला आणि एप्रिलपर्यंत नवे पिल्लू घरात आणले नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात वनराजा जातीची एक दिवसाची पंधरा पिल्ले आगाऊ नोंदणी करून आणली. ही जात हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी तयार केली आहे. मरेक्स या कोंबड्यांच्या दुसऱ्या एका रोगाची लस उबवणी केंद्रातच दिलेली होती. राणीखेतचा पहिला डोस, लासोटा, पाचव्या ते सातव्या दिवशी द्यायचा असतो, म्हणून चौथ्या दिवशीच मी बोटीने खाडी ओलांडून उपनगरातल्या एका शासकीय पशुवैद्यकीय केंद्रात गेले.

तिथल्या कारकुनांनी अर्ज पुढे केला. त्यात गट क्रमांक, क्षेत्र आणि पिके अशा जागा होत्या. गावठाणातल्या घरासाठी त्यात एकही जागा नव्हती. मी सिटी सर्व्हे क्रमांक लिहिला, तर अर्ज अपूर्ण ठरला. दुसऱ्या वेळी गेले तेव्हा डॉक्टर दौऱ्यावर होते आणि त्यांच्या सहीशिवाय काही होणार नव्हते. तिसऱ्या वेळी पुन्हा सातबाऱ्यावरच गाडी अडली आणि मग, दोन तास बाकावर बसवल्यानंतर, मला खरी अडचण सांगण्यात आली: कुपी शंभर मात्रांची असते, ती एकदा फोडून द्रावणात मिसळली की दोन तासांत संपवावी लागते, आणि पंधरा पिल्लांसाठी ती फोडता येणार नाही. हे कारण मला पूर्ण पटले, आणि म्हणूनच माझा संताप अजून गेलेला नाही. हे एक वाक्य पहिल्याच दिवशी सांगितले असते, तर माझे दोन आठवडे आणि रात्रीची झोप वाचली असती. त्या काळात मी पिल्लांना आतल्या खोलीतून बाहेर काढले नाही, शेजारच्या कोंबड्या अंगणात आल्या की हाकलल्या आणि खोलीत जाताना प्रत्येक वेळी चपला बदलल्या.

दुकानातून कुपी विकत का घेतली नाही, असे मला अनेकांनी विचारले. एका दुकानात ती मिळत होती, पण बर्फाशिवाय कपाटात ठेवलेली होती. ही जिवंत विषाणूची लस आहे. दोन ते आठ अंश तापमानाबाहेर ती निकामी होते. अशी कुपी घेऊ नये.

मार्ग सासूबाईंनी काढला. आमच्या आळीत आणखी पाच घरांत कोंबड्या आहेत. सासूबाई घरोघरी जाऊन मोजून आल्या: आमच्या पंधरा धरून एक्क्याऐंशी. सहा घरांच्या सह्यांचा एकच अर्ज, सोबत मिळकत पत्रिकेची प्रत आणि पक्ष्यांची संख्या घेऊन मी चौथ्यांदा गेले, कारकुनांशी न बोलता डॉक्टरसाहेबांची वाट पाहिली आणि त्यांनी दहा मिनिटांत तारीख दिली. सातबारा त्यांनी मागितलाही नाही.

कुपी मी रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बर्फ भरून बोटीतून आणली. डॉक्टरसाहेबांनी स्वतः येऊन प्रत्येक पक्ष्याच्या डोळ्यात एक थेंब टाकला. सुस्त दिसणाऱ्या दोन कोंबड्या त्यांनी बाजूला काढल्या, कारण आजारी पक्ष्याला लस देत नाहीत. आमच्या पिल्लांचा तो बाविसावा दिवस होता. त्या रात्री मी पहिल्यांदा निश्चिंत झोपले.

बाकीचे सगळे सुरळीत झाले. पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांची ऊब लागते, पण एप्रिलच्या मुंबईत दिवसा बल्ब बंदच ठेवावा लागला. पिल्ले बल्बपासून लांब पळत असतील तर उष्णता जास्त आहे असे समजावे. पावसाळ्यात खाली अंथरलेले तूस ओले राहिले तर रक्ती हगवण होते, म्हणून ते रोज खालीवर करावे. एक पिल्लू अशक्त होते म्हणून गेले आणि एक मुंगसाने नेले. त्यानंतर आम्ही जाळी जमिनीत वीतभर पुरली. हे आधीच करायला हवे होते.

पंधराव्या आठवड्यात, गटारीच्या सुमारास, आठ नर पावणेदोन ते दोन किलोंचे झाले. आदल्या रात्रीपासून दाणा बंद ठेवायचा, पाणी मात्र द्यायचे, आणि सकाळी गावातल्या परवाना असलेल्या दुकानात कापून घ्यायचे, असे आम्ही ठरवले. एकोणीसशे ग्रॅमच्या कोंबड्याचे साफ केलेले मटण सुमारे तेराशे ग्रॅम भरले. ते लगेच शिजवू नये. काही तास फ्रिजमध्ये ठेवले की मऊ होते. सासूबाईंनी त्या रविवारी वडे केले आणि रस्सा मंद आचेवर सव्वा तास ठेवला. पाच तलंगा, म्हणजे तरुण माद्या, अंड्यांसाठी ठेवल्या आहेत.

आर-टू-बी हा राणीखेतचा पुढचा डोस आठव्या आठवड्यानंतर देतात. त्यासाठी सहा घरांचा अर्ज मी लासोटाच्या दिवशीच डॉक्टरसाहेबांच्या हाती दिला होता.