बैलांची शीळ आणि सूमनचा डोंगर

आमच्याकडे शिरपूर तालुक्यात लहानपणी रात्री शिट्टी वाजवली की मोठी माय लगेच खेकसायची, "रातले शिट्टी नको वाजाडू, साप येस." दिवसा वाजवली तर पोरगं टवाळ निघालं म्हणून बोलणी खायची. फक्त बैल हौदावर पाण्याला आले की शीळ चालायची, चालायची काय लागायचीच, कारण आमच्या जोडीतला एक बैल शीळ ऐकल्याशिवाय पाण्याला तोंडच लावायचा नाही. ते काम दाजीचं. दाजी म्हणजे आमचा जुना सालदार, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा, दिवसभरात दहा शब्द बोलला तरी खूप झालं.

तो आठवायचं कारण असं की परवा रात्रपाळीच्या लाइटची वाट बघत मळ्यात खाटेवर पडलो होतो, कांद्याला पाणी द्यायचं होतं, आणि मोबाइलवर चीनमधल्या जुन्या ताओवादी साधूंचं वाचत बसलो. मला वाटलं साधू म्हणजे बासरी नाहीतर एकतारी. निघाली शीळ! त्याला ते श्याओ म्हणायचे. टाइमपास नाही हां, श्वासाच्या साधनेतलाच प्रकार. तिसऱ्या शतकातल्या छंगगोंग स्वी नावाच्या कवीने तर शिळेवरच मोठं काव्य लिहिलंय, त्याचं म्हणणं एवढंच की वाद्य नको, बाहेरून काही उसनं आणायला नको, आपलं तोंड आहे ना, बस.

रुआन जी (इ.स. 210 ते 263) हा मोठा कवी, दरबारात नोकरीला, पण जीव रमायचा दारूत आणि भटकण्यात. त्याची शीळ शेकडो पावलांवर ऐकू जायची म्हणे. लाकूडतोड्यांकडून त्याला कळलं की सूमनच्या डोंगरात कोणी सिद्धपुरुष आलाय, म्हणून हा चढून गेला. बघतो तर तो बाबा कड्याशी गुडघ्यांना मिठी मारून बसलेला. रुआन जी सुरू झाला, पुराणकाळचे राजे, ताओचं गूढ, श्वास कसा कोंडायचा, सगळं बोलून झालं, समोरचा मान वळवेना. शेवटी याने लांब शीळ घातली. मग बाबा हसला आणि म्हणाला, अजून एकदा कर. याने केली, आणि निघाला खाली. अर्धा डोंगर उतरला असेल तेवढ्यात वरून असा नाद आला की चार-पाच ताफे एकदम वाजायला लागलेत, झाडं दऱ्या सगळं घुमतंय. वळून पाहिलं तर तोच बाबा शीळ घालतोय.

जुन्या कथेत या बाबाला नावच नाहीये, नंतरच्या इतिहासग्रंथात मात्र सुन तंग म्हटलंय. हा मातीत खोदलेल्या गुहेत राहायचा, उन्हाळ्यात गवत विणून अंगावर घ्यायचा, थंडीत स्वतःचे केस पांघरायचा, आणि छिन वाजवायचा तोही एका तारेचा. छिन म्हणजे त्यांचं आडवं ठेवून वाजवायचं तंतुवाद्य, त्याला तारा सात असतात, पूर्वी रेशमाच्या असायच्या. म्हणजे याने सहा कमीच केल्या की. लोक मुद्दाम त्याला पाण्यात ढकलायचे, चिडतो का बघायला, आणि हा बाहेर येऊन खो खो हसायचा.

थाओ युआनमिंग नावाच्या कवीचं तर म्हणतात की त्याच्या छिनला एकही तार नव्हती, प्यायला की नुसता हात फिरवायचा. लोक यावर फार खूश होतात, मला ते थोडं नाटकी वाटतं. त्यापेक्षा थाओ होंगचिंग हा ताओवादी साधू बरा, माओशानच्या डोंगरात राहून अंगणात पाइनची झाडं लावली, कशासाठी तर वाऱ्यात त्यांचा आवाज ऐकायचा म्हणून.

मला खरा लागला तो जी खांग. रुआन जीचा दोस्त, छिन वाजवण्यात मोठा उस्ताद, आणि एवढा शिकलेला माणूस झाडाखाली लोहारकाम करायचा. सुन तंगच्या मागे तीन वर्षं हिंडला, बाबाने उत्तर दिलं नाही. निघताना फक्त एवढं सांगितलं की तुझ्याकडे हुशारी भरपूर आहे, समज कमी आहे, या दिवसांत जीव वाचणं अवघड. झालंही तसंच. एका मित्राच्या भानगडीत सत्ताधाऱ्यांशी वाकडं आलं आणि मृत्युदंड झाला. राजधानीच्या विद्यापीठातल्या 3000 विद्यार्थ्यांनी अर्ज केला की आम्हाला यांना गुरू करायचंय, उपयोग झाला नाही. वधाच्या जागी त्याने सावली किती सरकली ते बघितलं, छिन मागवलं, 'ग्वांगलिंग सान' नावाची रचना वाजवली आणि म्हणाला, एक जण शिकवा म्हणून मागे लागला होता, मी दिली नाही, आता ही संपली.

तशी ती पूर्ण संपली नाही, त्या नावाचं स्वरलेखन 1425 च्या एका संग्रहात आहे आणि विसाव्या शतकात ग्वान फिंगहू नावाच्या वादकाने ते वाजवून बसवलं. पण त्या दिवशी जी खांगला काय वाटलं असेल यार. मी एकदा दाजीला म्हटलं होतं, मला शिकव ना ती बैलांची शीळ, तर म्हणाला, "तू शायमा जाय." म्हणजे तू शाळेत जा. बस, तेवढंच.

दीड वाजता लाइट आली. मोटर सुरू केली, हौदात पाणी पडायला लागलं, आणि माझे ओठ आपोआप गोल झाले. फुस्स. नुसती हवा. बैल विकून चार वर्षं झाली, आता ट्रॅक्टर आहे. कुत्रं तेवढं उठलं, जागा बदलली आणि परत झोपलं.