ड्रोन २४९ ग्रॅमचा आहे, मग परवानगी कशाला?

परदेशी सहलीला निघालेले परिचित हल्ली हा प्रश्न हमखास विचारतात आणि विचारतानाच 'लागत नाही' हे उत्तर गृहीत धरून बसलेले असतात. भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' गटात मोडतो आणि तो उडवण्यासाठी रिमोट पायलटचा परवाना लागत नाही. कंपन्याही नेमका एक ग्रॅम हातचा राखून यंत्रे बनवतात. त्यामुळे हा आकडा सर्व देशांत चालतो, असा समज पसरला आहे. तुम्ही विचारलेत म्हणून स्पष्ट सांगतो: कमी वजनामुळे एखादी परीक्षा किंवा एखादी नोंदणी टळते, बाकीचे नियम टळत नाहीत.

युरोपचेच पाहा. युरोपीय संघात ३१ डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या नियमांनुसार, खेळणे म्हणून विकला न गेलेला ड्रोन कितीही हलका असला, तरी त्यावर कॅमेरा असेल तर 'ऑपरेटर' म्हणून नोंदणी करावी लागते. ही नोंदणी यंत्राची नसून माणसाची असते आणि मिळालेला क्रमांक ड्रोनवर चिकटवावा लागतो. भारतीय पर्यटकाने, ज्या देशात तो पहिल्यांदा ड्रोन उडवणार आहे, त्या देशाकडे ती करायची असते. मग ती संघातील इतर देशांतही चालते, आणि एकाच वेळी दोन देशांत नोंदणी करता येत नाही. एका दौऱ्यात पाच-सहा देश उरकणाऱ्या आपल्या सहलींसाठी ही मोठीच सोय आहे. हलक्या ड्रोनला ऑनलाइन परीक्षेतून सूट मिळते, हा वजनाचा खरा फायदा. पण १२० मीटरची कमाल उंची, जमलेल्या गर्दीवरून न उडवण्याची अट आणि प्रत्येक देशाने आखलेली निषिद्ध क्षेत्रे त्यालाही लागू आहेत. पॅरिस शहरावर हौसेखातर ड्रोन उडवताच येत नाही. ब्रिटनचा कारभार वेगळा आहे आणि तेथे तर १ जानेवारी २०२६ पासून परीक्षेची रेषा २५० वरून १०० ग्रॅमवर आली आहे.

जपानने हेच आधी केले. एप्रिल २०१५ मध्ये पंतप्रधानांच्या कार्यालयाच्या छतावर किरणोत्सर्गी वाळू असलेला ड्रोन सापडला आणि त्यानंतर तेथील कायदे भराभर कडक झाले. जून २०२२ पासून बॅटरीसह १०० ग्रॅम किंवा त्याहून अधिक वजनाच्या प्रत्येक ड्रोनची नोंदणी सक्तीची आहे. दाट वस्तीवर, रात्री किंवा माणसे व इमारतींपासून ३० मीटरच्या आत उडवायचे असल्यास निराळी परवानगी लागते. टोकियोत तुमचे हॉटेल जेथे असेल, तो भाग बहुधा दाट वस्तीतच मोडतो.

मुलांकडे अमेरिकेला जाणारे आईवडील 'तिकडे सगळे मोकळे असते' असे सांगतात. मौजेसाठी उडवायच्या २५० ग्रॅमखालील ड्रोनला तेथे नोंदणी लागत नाही, हे खरे. मात्र विनाशुल्क ऑनलाइन चाचणी द्यावी लागते. शिवाय ज्या राष्ट्रीय उद्यानांचे चित्रण करण्यासाठी ड्रोन न्यायचा असतो, तेथे २०१४ पासून सर्वच ड्रोनना बंदी आहे. त्याच वर्षी एका परदेशी पर्यटकाचा ड्रोन यलोस्टोनच्या ग्रँड प्रिझमॅटिक स्प्रिंगमध्ये कोसळला आणि त्याला दंड भरावा लागला.

मोरोक्को आणि इजिप्त यांच्या बाबतीत उडवण्याचा प्रश्नच पुढचा आहे. पूर्वपरवानगीशिवाय ड्रोन देशात आणणेच तेथे निषिद्ध आहे आणि तो विमानतळावरच काढून घेतला जातो. अशा दौऱ्यात तो घरीच राहू द्यावा. माझ्या मते छायाचित्रांसाठी एवढी जोखीम पत्करण्यात अर्थ नाही.

परतीचा विचार मात्र क्वचितच कोणी करतो. ९ फेब्रुवारी २०२२ पासून भारतात परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे आणि सीमाशुल्काच्या घोषणापत्रात ड्रोनचा स्वतंत्र उल्लेख असतो. त्यामुळे दुबईत किंवा सिंगापुरात स्वस्त मिळाला म्हणून घेतलेला ड्रोन मुंबईला उतरल्यावर जप्त होऊ शकतो. येथूनच नेलेला असेल, तर खरेदीची पावती जवळ ठेवावी आणि निघताना, सामान विमान कंपनीच्या ताब्यात देण्यापूर्वी, सीमाशुल्क अधिकाऱ्याला ड्रोन दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. सुट्या बॅटऱ्या मात्र त्या सामानात न टाकता हातातल्या बॅगेतच ठेवाव्या लागतात.