उतरत्या उन्हाळ्याचा अंदाज

मे महिना उतरणीला लागला की हवामानाचा अंदाज मी आपल्या जिल्ह्यापाशी न थांबता देशभराचा वाचतो. भारतीय हवामान विभागाने देशाचे ३६ उपविभाग केले आहेत आणि या दिवसांत त्यांतल्या कोणत्याही दोघांचे सहसा पटत नाही. पश्चिम राजस्थानात उष्णतेची लाट, बंगालात कालबैसाखी (तिकडची वळवाची वादळे), केरळात मेघगर्जनेसह सरी, आणि मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ यांच्या वाट्याला ‘तुरळक ठिकाणी वादळी वाऱ्यासह पाऊस’, असा सगळा विसंवाद दोन-तीन दिवसांच्या एकाच पत्रकात गुण्यागोविंदाने नांदतो.

मात्र हा विसंवाद वरवरचा आहे. वायव्येकडून येणारी कोरडी, तापलेली हवा आणि समुद्रावरून येणारे बाष्प जिथे एकमेकांना भिडतात, तो पट्टा या काळात अनेकदा मध्य भारतापासून दक्षिणेपर्यंत पसरलेला असतो. तापलेली जमीन त्या बाष्पाला वर ढकलते आणि दुपारपर्यंत निरभ्र असलेल्या आकाशात पाहता पाहता उंचच उंच ढग उभे राहतात. आपल्या अंगणात पडणाऱ्या वळवाची निम्मी तयारी अशी परमुलखात झालेली असते; म्हणून तर इतरांचे हवामान वाचायचे.

‘आमच्याकडे थेंबही पडला नाही, अंदाज चुकला’ ही तक्रार याच दिवसांत सर्वाधिक ऐकू येते आणि मला ती अन्यायाची वाटते. उष्णतेची लाट शेकडो किलोमीटर पसरते आणि दिवसेंदिवस मुक्काम ठोकते, त्यामुळे तिचा माग काढणे तुलनेने सोपे असते. वळवाच्या एकट्या ढगाचा पसारा मात्र काही किलोमीटरचा आणि आयुष्य जेमतेम तासाभराचे. अंदाजाचे संगणकी प्रारूप म्हणजे देशावर टाकलेले जाळे, आणि मे २०२५ मध्ये आलेल्या नव्या भारतीय प्रणालीत त्याची वीण १२ किलोमीटरवरून ६ किलोमीटरवर आली असली, तरी त्यातूनही लहानसा ढग निसटायचाच. विजांचा इशारा आयत्या वेळी, पुढच्या तीन तासांपुरता दिला जातो, तो यासाठीच.

तापमानाच्या आकड्यांतही एक गंमत आहे. ‘पुढील दोन दिवस कमाल तापमानात फारसा बदल नाही, त्यानंतर २ ते ३ अंशांनी घट’ हे वाक्य किती निर्विकार वाटते! प्रत्यक्षात दुपारी अडीच-तीनच्या सुमारास पारा ४२ अंशांना टेकतो. मग संध्याकाळी आधी धूळ उठते, दारे-खिडक्या आपटू लागतात आणि पावसाच्या आधीच गार वाऱ्याचा झोत अंगावर येतो. ढगातून पडणारे थेंब वाटेत विरताना हवेतली उष्णता शोषून घेतात आणि ती गार, जड झालेली हवा खाली कोसळून जमिनीलगत पसरते. काही मिनिटांत तापमान कित्येक अंशांनी घसरते, पण त्या दिवसाच्या नोंदीतले कमाल तापमान ४२च राहते. शिवाय हा गारवा टिकेलच असे नाही. दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन पडले, तर ओल्या जमिनीची वाफ होऊन पारा उतरलेला असूनही जीव अधिकच कासावीस होतो, आणि त्याच बाष्पावर संध्याकाळचा पुढचा ढग पोसला जातो.

मोसमी पावसाची केरळातली सर्वसाधारण तारीख १ जून, मुंबईतली ११ जून. तो एकदा स्थिरावला की कोकणापुरते तरी पत्रक एकसुरी होते, आणि शेतीला ते कितीही हवेसे असले, तरी वाचायला मला मे महिन्यातलेच अधिक आवडते.