ती दाढ दुधाची नव्हती

लेकीच्या खालच्या दाढेत काळा ठिपका दिसला तेव्हा ती सात वर्षांची होती आणि मी निवांत होतो. दुधाची दाढ, पडेल आपोआप, असं माझं गणित. दुखतही नव्हतं. बायकोनं दोनदा टोकलं म्हणून डेंटिस्टकडे गेलो. डॉक्टर बाईंनी छोटा आरसा आत सरकवून मला तो कोपरा दाखवला आणि म्हणाल्या, "ही दुधाची नाही हो, कायमची आहे. हिच्या जागी दुसरी येणार नाही."

दुधाचे दात असतात 20. त्यांच्या मागे साधारण सहाव्या वर्षी पहिली कायमची दाढ गुपचूप उगवते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच लागत नाही. लेकीचा पुढचा दात हलायला लागला तेव्हा आम्ही रोज फोटो काढत होतो, या दाढेचा एकही नाही. त्यात या दाढेच्या माथ्यावर खोल, अरुंद चिरा असतात, ब्रशचे केस तळापर्यंत पोचत नाहीत. कीड तिथेच बसली होती. बाईंनी ती कोरून सिमेंट भरलं आणि बाकीच्या तीन दाढांच्या चिरा सीलंटनं बुजवल्या.

आणि दुधाची असती तरी सोडून द्यायची नव्हती म्हणे. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. आधीच काढाव्या लागल्या तर शेजारचे दात सरकतात आणि खालून येणाऱ्याला जागा उरत नाही.

घरातली खरी चूक रात्रीची होती. लेक ब्रश करायची आणि मग साखर घातलेलं दूध पिऊन झोपायची. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे तोंडात राहिलेली साखर धुतली जात नाही आणि जंतू त्यावर आम्ल तयार करत राहतात. आता आधी दूध, मग ब्रश. वाटाण्याएवढी फ्लोराइडवाली पेस्ट, आधी ती घासते, शेवटचा हात माझा. फेस थुंकायचा, पण नंतर खळखळून चूळ भरायची नाही, नाहीतर फ्लोराइडही वाहून जातं. जन्मभर मी नेमकी तशीच चूळ भरत आलोय.

"आणि तुम्ही शेवटचं कधी दाखवलंत?" बाईंनी जाता जाता विचारलं. अकरा वर्षं झाली होती. खालच्या पुढच्या दातांना ब्रश लागला की रक्त यायचं, म्हणून मी तो भाग हळूच टाळायचो. शहाणपणा समजून! रक्त येत होतं ते हिरडीच्या कडेला साठलेल्या थरामुळे, आणि मी तो थर आणखी साठू देत होतो. त्याचं किटण झालं की ब्रशनं निघत नाही. मग स्केलिंग, म्हणजे डॉक्टरांकडून ते खरवडून काढणं. नंतर दातांमागून जीभ फिरवली तर फटीच फटी. दात साफ करून घेतले की ढिले होतात, असं ऐकलं होतंच, म्हटलं झालं, गेले. फटी जुन्याच होत्या, किटणानं बुजलेल्या. हिरडी मागे सरली होती आणि ती काही आपोआप वर चढत नाही. बाईंनी रक्तातली साखर तपासायलाही सांगितलं. मधुमेह असला की हिरड्यांचा आजार बळावतो, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं. माझी ठीक निघाली.

घरी आल्यावर मऊ ब्रश घेऊन नेमका तोच भाग घासायला लागलो. पहिले काही दिवस बेसिन गुलाबी व्हायचं. लेक रोज शेजारी स्टुलावर उभी राहून बघायची, "बाबा, आज किती आलं?" दोनेक आठवड्यांत रक्त थांबलं. तेव्हापासून ती बघायला येत नाही.