तुम्ही विचारलंत म्हणून: साठला थरथरणारी जीप आणि एका बाजूला ओढणारा ब्रेक

पावसाळा संपत आला की हा प्रश्न मला हमखास येतो, कधी फोनवर, कधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एकदा तर माजिवड्याच्या सिग्नलला शेजारच्या गाडीतून काच खाली करून एकाने विचारलं होतं. "दादा, जुनी फोर बाय फोर आहे, पन्नास-साठला थरथरते आणि ब्रेक मारला की एका बाजूला जाते, आधी काय बदलू?"

आधी काहीच बदलू नका. हे मी अगदी कळकळीने सांगतोय कारण मी सगळं बदलून बसलोय.

माझी जीप १९९६ ची, डिझेल, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागेपुढे कमानपाटे (पट्ट्यांचे स्प्रिंग). मुरबाडच्या पलीकडे आमचं शेत आहे आणि तिथे जायला एक ओढा ओलांडावा लागतो, पावसाळ्यात पाणी हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) वर येतं. एका वर्षी ही थरथर आणि ब्रेकचं ओढणं सुरू झालं आणि मी ठाण्यातल्या एका गॅरेजमध्ये गाडी दिली. त्यांनी व्हील बॅलन्सिंग केलं, मग दोन टायर बदलले, मग ड्रम लेथवर घेतले, मग मागची लायनर (ड्रमला आतून घासणारं ब्रेकचं अस्तर) नवीन टाकली, प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस बरं वाटायचं आणि परत तेच. लायनर तर दोनदा बदलली. गाडीखाली जाऊन कोणी बघितलंच नव्हतं, मी पण नाही.

शेवटी वागळे इस्टेटमधल्या लेथवाल्या काकांनी तेच ड्रम तिसऱ्यांदा हातात घेतले आणि म्हणाले, "अरे हे गोलच आहेत, तू परत परत काय आणतोयस? आणि हा डावा ड्रम आतून तेलकट का आहे ते कोणी बघितलं का?" तिथून सगळं उलगडायला लागलं.

आता थरथरीचं आधी सांगतो. थरथर कुठे जाणवते आणि किती जलद आहे याकडे लक्ष द्या. ताशी ६० ला आपल्या साइजचं चाक सेकंदाला साधारण ७ वेळा फिरतं, पण डिफरन्शियलचा (अॅक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचा) रेशो ५ च्या आसपास धरला तर प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून अॅक्सलला जोर नेणारा दांडा, सेकंदाला ३५ वेळा फिरतो. म्हणजे चाकाचा किंवा टायरचा दोष असेल तर हादरे जवळजवळ मोजता येतात, पुढचं चाक असेल तर स्टिअरिंग हातात डुलतं. प्रॉपेलरचा असेल तर मोजता येत नाही, फ्लोअर गुणगुणतो, पायाच्या तळव्याला मुंग्या आल्यासारखं होतं आणि मागचं बघायचा आरसा धूसर होतो. माझा आरसा धूसर व्हायचा आणि मी टायर बदलत होतो!

मग रिकामा सरळ रस्ता बघा. मी पहाटे नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्याला जातो, ट्रॅफिक नसतो आणि रस्ता सपाट आहे. जिथे थरथर येते तो स्पीड धरा, तोच स्पीड एकदा तिसऱ्या गिअरमध्ये आणि एकदा चौथ्यात. गिअर बदलून पण थरथर त्याच स्पीडला येत असेल तर इंजिनचा काही संबंध नाही, दोष गिअरबॉक्सच्या मागे. नंतर त्याच स्पीडला न्यूट्रल करून गाडी नुसती पळू द्या, पण इंजिन बंद करू नका, ब्रेकला मदत करणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्युम संपला की ब्रेक दगडासारखा होतो. न्यूट्रलमध्ये थरथर तशीच राहिली तर चाक, हब किंवा प्रॉपेलर. लगेच गेली तर इंजिनच्या किंवा गिअरबॉक्सच्या फाउंडेशनचे रबर बघा, किंवा लोड आल्यावरच बोलणारा एखादा जॉइंट.

पुढचा प्रॉपेलर लोक विसरतात. पुढचे हब लॉक असतील, म्हणजे चाकं अॅक्सलशी जोडलेली असतील, तर टू व्हीलमध्ये (जोर फक्त मागच्या चाकांना) पण पुढची चाकंच त्याला फिरवत असतात. हब मोकळे करून बघा, किंवा सरळ पुढचा प्रॉपेलर काढून टू व्हीलमध्ये एक चक्कर मारा, एकही पार्ट न घेता अर्धं उत्तर मिळतं.

आता गाडीखाली जा. जमीन सपाट हवी, चाकांना दगड, आणि गाडी नुसत्या जॅकवर असेल तर खाली जायचं नाही म्हणजे नाही, घोड्या (लोखंडी स्टँड) लावा. गिअर न्यूट्रलला, प्रॉपेलर दोन्ही हातांनी धरून पिळा. शाफ्टच्या टोकाच्या सांध्यात अधिकच्या चिन्हासारखा क्रॉस असतो, त्याच्या एका बाजूचा योक (त्याला धरणारा चिमटा) हलतो आणि दुसऱ्या बाजूचा हलत नाही असं दिसलं तर क्रॉस गेला. क्रॉसच्या टोकावरच्या कपाच्या कडेला लालसर पूड दिसली तर आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडून गंजल्यात, गाडी पाण्यात जाते त्यांच्याकडे हे फार बघायला मिळतं, कारण ग्रीस धुवून जातं. डिफरन्शियलच्या तोंडाशी शाफ्ट गोल फिरताना थोडा मोकळा वाटणं ठीक आहे, पण वरखाली हलता कामा नये. पाटे अॅक्सलला बांधणारे यू बोल्ट पण त्याच वेळी तपासा.

माझ्याकडे एक क्रॉस कोरडा होताच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे क्लचचं काम करताना कोणीतरी प्रॉपेलर काढून स्लिप जॉइंटमध्ये (शाफ्टचा आतबाहेर सरकणारा दातेरी सांधा) एक दात पुढे बसवला होता. दोन्ही टोकांचे योक एका रेषेत असावे लागतात. क्रॉस तिरका फिरतो तेव्हा शाफ्टचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा कमीजास्त होतो, आणि एका टोकाची ही चढउतार दुसरं टोक भरून काढतं, पण योक एका रेषेत असले आणि दोन्हीकडचा कोन सारखा असला तरच. म्हणून शाफ्ट काढायच्या आधी खडूने नाही, पंचने खूण करा. गाडी उंच करून घेतली असेल तर तो कोन मुळातच बदललेला असतो, तेव्हा नुसता नवीन क्रॉस टाकून थरथर जाणार नाही.

हे झालं आणि थरथर गेली. ब्रेक मात्र उजवीकडे ओढत राहिला.

इथे काकांचा तेलकट ड्रम. ते ब्रेक ऑइल नव्हतं, बोटांवर चोळून वास घेतला की कळतं, डिफरन्शियलच्या तेलाचा वास उग्र असतो. अॅक्सलच्या सीलमधून तेल डाव्या लायनरवर येत होतं, डावं चाक कमी धरायचं आणि गाडी उजवीकडे जायची. लायनरला थोडंच तेल लागलं असेल तर कधी उलट पण होतं, ते चाक एकदम पकडतं. पण नवीन सील टाकूनही दोन महिन्यांत परत का यावं? अॅक्सलवर एक छोटं ब्रीदर असतं, टोपीसारखं, माझं चिखलाने पूर्ण बुजलं होतं. ठाण्याहून मुरबाडला जाईपर्यंत अॅक्सल चांगला गरम, आतली हवा फुगते, बाहेर जायला वाट नाही म्हणून ती तेलाला सीलमधून ढकलते, आणि मग तोच गरम अॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि त्याच सीलमधून पाणी आत ओढून घेते. तेल काढलं तर दुधाच्या चहासारखं निघालं. म्हणजे ड्रम पण बरोबर होते, लायनर पण बरोबर होती, दोष त्या बोटभर ब्रीदरमध्ये होता. आता मी तिथे रबरी नळी लावून ती वर बॉडीपर्यंत नेली आहे आणि दर पावसाळ्यानंतर तेल थोडं काढून रंग बघतो.

सगळ्यांचा ब्रेक ह्याच कारणाने ओढत नाही. दहा-पंधरा मिनिटं चालवून थांबा आणि चाकांजवळ हात न टेकवता ऊब बघा. एकच चाक तापलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. तो अडकलेला असतानाच व्हील सिलिंडरचा (चाकातला, ब्रेक ढकलणारा) ब्लीडिंग निपल, म्हणजे हवा काढायचा छोटा स्क्रू, सैल करा. चाक सुटलं तर प्रेशर आत कोंडलंय. मग परत अडकू द्या आणि ह्या वेळी होज (रबरी ब्रेक नळी) जिथे लोखंडी पाइपला जोडतो तिथला नट सैल करा. आता सुटलं नाही तर होज आतून फुगलाय, बाहेरून नवा दिसतो पण पायाच्या जोराने तेल जाऊ देतो आणि परत येऊ देत नाही. ब्रेक ऑइलचं पण बघा, ते हवेतला ओलावा शोषतं, कोरडं डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २०५ अंशांना उकळतं पण पाणी शोषलं की ती हद्द १४० पर्यंत खाली येते, आणि माळशेजच्या उतारावर तापलेल्या सिलिंडरमध्ये त्याची वाफ झाली तर पेडल सरळ फळीला टेकतं.

पेडल मऊ लागत असेल तर हवा, दोनदा मारल्यावर वर येत असेल तर आधी शू (लायनर ज्यावर बसते तो भाग) अॅडजस्ट करा. पण पाय दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेच गळती नसेल तर मास्टर सिलिंडरचे (पेडलजवळच्या मुख्य सिलिंडरचे) आतले रबरी कप गेलेत, आणि तेव्हा मात्र वर सांगितलेल्या चाचण्या, पहाटेची पाम बीचची चक्कर, काहीही करू नका. मला फोन करा नाहीतर तुमच्या मिस्त्रीला करा, पण गाडी टो करूनच आणा.